काकांचा सार्वजनिक कोट

लवळ्याच्या डोंगरावरच्या कॉलेजात विद्यार्थ्यांच्या सोयीसाठी कितीही कचेऱ्या उघडल्या असल्या, तरी माझ्या मते तिथलं खरं विद्यार्थी कल्याण एकाच ठिकाणी चालायचं, आमच्या घरमालक काकांच्या ओसरीवर. भाताची बरीचशी खाचरं विकून काकांनी आठ खोल्या बांधल्या होत्या. एकदा कुणीतरी कॉलेजचं गुळगुळीत माहितीपत्रक त्यांना वाचून दाखवलं. वाचनालय, आरोग्य केंद्र, समुपदेशन, नोकरी मार्गदर्शन ही यादी ऐकून काका इरेला पेटले. "हे समदं हितंबी हुईल," म्हणाले, आणि आठवड्याभरात सुरूही केलं. खोली सोडून गेलेल्यांची पुस्तकं पत्र्याच्या ट्रंकेत भरली की झालं वाचनालय. पुस्तक परत करताना त्यात काय लिहिलंय ते काकांना समजावून सांगावं लागे, त्यामुळे जाडजूड पुस्तकांना कुणी हात लावत नसे. आरोग्य केंद्र म्हणजे त्यांची मोटारसायकल. साधी शिंक आली तरी पिरंगुटच्या डॉक्टरसमोर नेऊन बसवत, आणि लक्षणंही स्वतःच सांगत. समुपदेशनाला म्हशींचा गोठा होता. उदास पोराच्या हातात ते खराटा देत. अर्ध्या तासात त्याला आपलं मूळचं दुःखच बरं वाटू लागे.

नोकरी मार्गदर्शनासाठी एक काळा कोट होता, कुणा जाड्या भाडेकरूने मागे ठेवलेला. ज्याची मुलाखत असेल त्याला तो मिळायचा, काकू मापाप्रमाणे टाके घालून द्यायच्या. आदल्या दिवशी काका खाटेवर बसून तालीम घेत. पण दुसऱ्याच प्रश्नाला गाडी आंबेमोहोरावर जाई. रोप कधी लावायचं, खाचरात पाणी किती ठेवायचं, तांदळाचा वास कशाने टिकतो, हे सगळं आम्हाला अभ्यासापेक्षा जास्त पाठ झालं होतं.

मुलाखतीत माझ्या तोंडून शब्द फुटत नसे. दोन ठिकाणांहून तसाच परतलो होतो. तिसरी हुकली तर गावी जाऊन मामाच्या दुकानात बसायचं, असं घरी ठरलं होतं. तिथेही पहिल्याच प्रश्नाला घाम फुटला. तो पुसायला कोटाच्या खिशातून रुमाल ओढला, तर मूठभर तांदूळ टेबलावर सांडला. चांगल्या कामाला निघताना खिशात घरचा दाणा असावा, ही काकांची रीत. मला ते सांगायचं तेवढं त्यांच्याकडून राहून गेलं होतं. समोरच्या बाईंनी दाणे हुंगले आणि हे काय म्हणून विचारलं. काय झालं कोण जाणे, मी पंधरा मिनिटं आंबेमोहोरावर अखंड बोललो, आणि त्याच ओघात पुढच्या प्रश्नांची उत्तरंही देऊन मोकळा झालो. नोकरी लागली. पेढे घेऊन गेलो तर काकांनी एवढंच विचारलं, "सांडल्यालं दानं येचलंस का न्हाई?"

परवा बऱ्याच वर्षांनी त्यांच्याकडे गेलो. शेजारी सगळ्या सोयींनी सजलेलं नवं वसतिगृह उभं राहिलंय आणि काकांच्या आठही खोल्या रिकाम्या आहेत. कोट मात्र अंगणात उन्हाला टांगलेला होता. कुणी आलंच तर असावा तयार, असं काका म्हणाले. मी सवयीने खिशात हात घातला. दाणे होते.

"इकतचा हाय," काका खाली बघत म्हणाले. "शेवटचं खाचार त्या वसतिगृहाखाली गेलं. वास येतोय का रं त्याला?"

मी मूठ नाकाशी नेली. डांबरगोळ्यांशिवाय कसलाच वास नव्हता.

"येतोय की, काका," मी म्हणालो. "लई येतोय."