मोगऱ्याच्या वासाचे बेदाणे

घरच्या घरी सुगंधी मालिश तेल करायला तीन गोष्टी लागतात: फुलं, तेल आणि ऊन. चौथी गोष्ट म्हणजे अक्कल. पण ती लागते असं रविवारच्या पुरवणीत कुठेही छापलेलं नव्हतं!

नव्वदचं दशक संपत आलं होतं. नाशिकला अंबडच्या एका कारखान्यात मी स्टोअरकीपर होतो. आत येणारा प्रत्येक डबा, पिंप, खोकं तपासायचं, नाव-नंबर बघायचा आणि मगच रॅकवर चढवायचं, हे माझं काम. लेबल नसलेली वस्तू मी गेटातून आत येऊ देत नसे. (मोठ्या साहेबांच्या घरून आलेली लोणच्याची बरणीसुद्धा मी एकदा परत पाठवली होती.) हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचताना ते तुम्हाला आठवायला हवं.

घरात आई, बायको सुनंदा आणि मी. आई मूळची दिंडोरीकडच्या खेड्यातली. तिला हौशी दोनच: अंगणातला मोगरा आणि रामाचा रथ. चैत्रात एकादशीला रथ निघाला की त्याच्यामागे चालायचं आणि आपल्या मोगऱ्याचा, स्वतः ओवलेला हार रथावर द्यायचा, हा तिचा कित्येक वर्षांचा नेम. आदल्या वर्षी मात्र गुडघ्यांनी दगा दिला. ती पंचवटीत एका दुकानाच्या पायरीवर बसून राहिली आणि हार दुसऱ्याच कुणाच्या तरी हातून गेला. घरी येताना रिक्षात ती एवढंच म्हणाली, "पुढच्या वर्षी एकदा चालीन. मंग नाय चालता आलं तरी चालंल."

ते वाक्य माझ्या डोक्यात घर करून बसलं. वर्ष सरत आलं, पाडवा तोंडावर आला आणि नेमकी ती पुरवणी हाती पडली. 'फुलांचे मालिश तेल, गुडघेदुखीवर रामबाण.' रामबाण! रथाच्या बाबतीत याहून स्पष्ट इशारा तो काय असणार?

"आरं, खोबऱ्याचं तेल हाय की घरात," आई म्हणाली. "तेच चोळ जरा."

"आई, खोबरेलाला स्वतःचा वास असतो. त्याच्यावर मोगरा चढत नाही. बिनवासाचं, पातळ तेल लागतं. शास्त्र आहे ते!"

"बरं, कर तुझं शास्त्र. पर पाय चेपशील ना?"

"चेपीन की! आधी तेल तर होऊ दे."

बिनवासाचं तेल मला आमच्याच जिन्याखाली सापडलं. आईचा भाचा भाऊसाहेब दिंडोरीचा द्राक्षबागायतदार. नाशिकला खरेदीला आला की मोटारसायकलवर न मावलेलं सामान तो आमच्या जिन्याखाली टाकून जायचा. ठिबकच्या नळ्या, तारेची भेंडोळी, रिकामे क्रेट. त्यातच एक पांढरा कॅन होता. झाकण उघडलं. आत पिवळसर, नितळ, पातळ तेल. वास जवळजवळ नाहीच.

"सुनंदा, हे कसलं गं?"

"भाऊसाहेब भावजींनी ठेवलंय. मला काय माहीत? विचारा की त्यांना."

"विचारायचंय काय त्यात? शेतकऱ्याच्या घरचं तेल. घाण्यावरचं करडईचं असणार. बघ किती शुद्ध!"

"अहो, पण त्यावर लेबल नाहीये."

"घरच्या तेलाला कुणी लेबल लावतं का?"

(हे वाक्य मी उच्चारलं. मी! स्टोअरकीपर!)

पाडव्याला काम सुरू झालं. काचेच्या बरणीत तेल, त्यात पहाटेच्या मोगऱ्याच्या कळ्या, तोंडाला फडकं आणि बरणी गच्चीवर, शेजारच्या काकूंच्या कुरडयांशेजारी. दुसऱ्या दिवशी जुन्या कळ्या गाळायच्या, ताज्या घालायच्या. मला वास कमी वाटायचा. मग मी आणखी कळ्या तोडायचो. आई रोज दारातून ओरडायची, "हारापुरत्या ठेव रं!" मी रोज "ठेवतो" म्हणायचो आणि फांदी वाकवायचो. रामनवमी उजाडली तेव्हा आमच्या मोगऱ्यावर फक्त पानं होती.

आई झाडापाशी जाऊन उभी राहिली. पानं वर करकरून बघितलं.

"आरं, एक पण नाय?"

"आई, हार काय, एका दिवसात सुकतो. गुडघे कायमचे सुधारायचेत!"

ती रिकामी परडी घेऊन घरात गेली. तिथेच मला शहाणपण सुचायला हवं होतं. पण मला तेव्हा वेगळीच गोष्ट सुचली. स्टोअरमधून आणलेलं कोरं लेबल मी काढलं, त्यावर टपोऱ्या अक्षरात 'मोगरा मालिश तेल' असं लिहिलं आणि बरणीवर चिकटवलं. माझ्या नोकरीतलं सगळ्यात खोटं लेबल! काकू तर रिकामी बाटली ठेवून नंबर लावून गेल्या.

त्या संध्याकाळी मी आईचे पाय मांडीवर घेतले आणि तेल चोळलं. घरभर घमघमाट सुटला. आईने डोळे मिटले. "लय बरं वाटतंय रं," ती म्हणाली. मी खूश! इतका खूश, की थोडंसं चेपून झाल्यावर हात पुसले आणि हे तेल कसं केलं ते तिला सुरुवातीपासून समजावून सांगायला लागलो. ती आणखी चेपायची वाट बघत पाय तसेच लांब करून बसली होती. हे मला तेव्हा दिसलं नाही, आता दिसतं.

सकाळी आईचे पाय गुडघ्यापासून घोट्यापर्यंत लालभडक झाले होते. कातडी कोरडी, सुरकुतलेली, आणि खाज म्हणाल तर ती दोन्ही हातांनी खाजवत होती!

"मुंग्या डसल्यावानी करतंय रं."

डॉक्टरांनी विचारलं, "काय लावलं होतंत?"

"मोगऱ्याचं तेल. घरी केलेलं."

"वास छान आहे," ते म्हणाले आणि त्यांनी मलम लिहून दिलं. "गुडघे तसे बरे आहेत यांचे. पण दोन-चार दिवस उन्हात अजिबात चालायचं नाही."

रथ दुसऱ्या दिवशी होता.

दिवेलागणीला भाऊसाहेब आला. "दादा, माझा कॅन कुठंय? उद्या सकाळी बेदाण्याचा माल बुडवायचाय. द्राक्ष तोडून पडलंय."

"बुडवायचा? कशात?"

"त्या तेलात! डिपिंग ऑइल हाय ते. पाण्यात पावडर अन् तेल टाकायचं, त्यात घड बुडवून काढायचे. मंग द्राक्षातलं पाणी भराभर उडून जातं अन् बेदाणा व्हतो."

आतून आईचा खाजवण्याचा आवाज येत होता.

"दादा, काय केलं तुम्ही त्याचं?"

मी मान खाली घालून आतल्या खोलीकडे बोट केलं. भाऊसाहेबाने जाऊन बघितलं, वास घेतला आणि तो मटकन खाली बसला.

"आवं, आत्याबाईला वाळत घातलं व्हय!"

आधी सुनंदा हसली, मग भाऊसाहेब, आणि सगळ्यात जास्त हसली ती आई, खाजवत खाजवत! मी तेवढा हसलो नाही. भाऊसाहेबाला हे तेल देणारा दुकानदार कुठल्याशा लग्नाला गावी गेला होता आणि कॅन तर जवळजवळ रिकामा. शेवटी त्याने माझी बरणीच उचलली. "वासाचं तर वासाचं. तेल तर तेच हाय ना!"

एकादशीला आई पायांना मलम फासून अंगणात खुर्चीवर बसली, त्या बोडक्या मोगऱ्याशेजारी. मी बाजारातून हार आणतो म्हणालो, तर म्हणाली, "इकतचा नको." रथ निघायच्या वेळेला तिने खुर्ची पंचवटीच्या दिशेला वळवून घेतली आणि हात जोडले. मला फार वाईट वाटलं. अजूनही वाटतं.

पुढे बेदाणे तयार झाल्यावर भाऊसाहेब पिशवी घेऊन हजर. "दादा, तुमच्याशी भांडू का तुमचा सत्कार करू? व्यापारी म्हणतो, माल एक नंबर हाय, पर अत्तर कामून शिंपडलं?"

आम्ही पिशवी उघडली. मोगरा! दाण्यादाण्याला मोगरा! सुनंदाने ते शिऱ्यात घातले, तर गजरा चावून खाल्ल्यासारखं वाटलं. आईने मात्र त्यातले मूठभर निवडून रुमालात बांधले आणि मला म्हणाली, "रिक्षा आण." देवळात रामापुढे तिने रुमाल सोडला. "घे रं बाबा. हारच व्हता, त्याचं असं झालं."

पुढच्या वर्षी तिचे गुडघे फाटकापर्यंतसुद्धा जाईनात. रथामागे ती नंतर कधीच चालली नाही. एक वर्ष शिल्लक होतं तिच्या पायांत, ते मी वाळवून टाकलं.

त्यानंतर ती होती तोवर मी रोज संध्याकाळी तिचे पाय चेपले, कोरड्या हातांनी, तिला झोप लागेपर्यंत. पण पाय पुढे करण्याआधी ती न चुकता म्हणायची, "हात दाखव." मी दोन्ही तळवे पुढे करायचो. ती ते उलटेपालटे करून बघायची, हुंगायची आणि मगच पाय लांब करायची. उभा जन्म लोकांचा माल तपासण्यात गेला माझा. घरात मात्र मीच रोज तपासणीला उभा राहायचो, आणि मला कायमचं लेबल लावून द्यायला ती काही शेवटपर्यंत तयार झाली नाही!