साहेबांची खुर्ची

गोपाळकृष्ण मेहेंदळे येरवड्याच्या एका सरकारी कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झाले. त्याला वर्षही झालं नव्हतं, तोच कचेरी नव्या इमारतीत गेली आणि जुनं फर्निचर भंगारात निघालं. रविवारी जुन्या बाजारात हिंडताना मेहेंदळ्यांना त्या ढिगात वैशंपायन साहेबांची खुर्ची दिसली. डाव्या हातावर सिगारेटने जळल्याचा डाग होता. साहेबांची सही होईपर्यंत त्या डागाकडे बघत उभं राहण्यात त्यांच्या नोकरीचा बराच भाग गेला होता, त्यामुळे ओळख पटायला वेळ लागला नाही.

दुकानदाराने तिच्यासोबत एक कारकुनी खुर्चीही गळ्यात मारली. दोन्ही रिक्षातून सदाशिव पेठेतल्या फ्लॅटवर आल्या. कुसुमताईंनी दार उघडलं, खुर्च्यांकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"तिघांनाही आत घ्यायचं का?" त्यांनी विचारलं.

मेहेंदळ्यांनी आयुष्यात खिळा ठोकला नव्हता. पण साहेबांची खुर्ची आपल्या हातांनी नव्याने मढवायची आणि मग तिच्यात रेलून पेपर वाचायचा, हे त्यांच्या मनाने घेतलं होतं. हात बसावा म्हणून आधी अर्थातच कारकुनी खुर्ची घेतली. प्रयोग कोणावर करायचे, ही समज कचेरीतच आलेली. फाटकं रेक्झिन उचकटलं, आतला काथ्या पिंजून परत भरला, वर नवं रेक्झिन ताणून कडेने चुका ठोकल्या. चुका म्हणजे बारीक खिळे. मेहेंदळ्यांच्या हातून त्या दोन्ही अर्थांनी झाल्या. बैठक मधोमध फुगली आणि कडांना खचली.

"हिच्यावर बसायचं, की वळसा घालून जायचं?" कुसुमताई म्हणाल्या.

साहेबांच्या खुर्चीला मात्र त्यांनी घाई केली नाही. स्प्रिंगा सुतळीने बांधल्या, वर गोणपाट ताणलं, काथ्याचा थर हाताने चाचपत सारखा केला. अंगठा सुजला, पण बैठक सपाट झाली. खुर्ची खिडकीशी मांडली आणि बसायला गुरुवार धरला. गुरुवारी आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून ते पेपर उचलतात, तोच बेल वाजली.

दारात वैशंपायन साहेब उभे. तेही कधीच निवृत्त झालेले. नातवाच्या मुंजीचं आमंत्रण करायला आले होते. मेहेंदळे "या साहेब" म्हणाले. "बसा" म्हणायची वेळच आली नाही. साहेब सरळ खिडकीशी गेले आणि खुर्चीत बसले. मेहेंदळे आपसूक डाव्या बाजूला जाऊन उभे राहिले. शेवटी कुसुमताईंनी कारकुनी खुर्ची पुढे सरकवली, तेव्हा ते तिच्या उंचवट्यावर टेकले.

"नवी घेतलीत?" साहेबांनी विचारलं.

"नाही, जुनीच आहे. मी स्वतः मढवली."

साहेबांनी बसल्या जागी अंग हलवून पाहिलं. "डावीकडे टोचतंय. स्प्रिंग नीट बांधली नाहीत."

"बघतो, साहेब," मेहेंदळे म्हणाले आणि त्यांनी जीभ चावली.

डाग साहेबांच्या कोपराखालीच होता, पण त्यांनी काही खुर्ची ओळखली नाही. सांगून टाकावं असं मेहेंदळ्यांच्या अगदी ओठांवर आलं. मग वाटलं, सांगितलं तर परत मागतील.

निघताना साहेब दारात थांबले. "आमच्या जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्या पार गेल्यात. येऊन बघता का?"

'जमणार नाही' हे दोन शब्द मेहेंदळ्यांनी सबंध नोकरीभर मनात घोळवले होते. आज ते म्हणायला कुणाची आडकाठी नव्हती.

"येतो," ते म्हणाले.

सोमवारपासून ते साहेबांकडे जाऊ लागले. साहेब एकटेच राहत. ते शेजारी बसून चुका काढत, आणि ठोकलेलं पुन्हा उचकटायला लावत. मेहेंदळे घरी येऊन त्यांच्या नावाने बोटं मोडत, अगदी पूर्वीसारखी, आणि मग दोन घास जास्त जेवत. निवृत्तीपासून कुसुमताईंशी भाजीच्या फोडणीवरून रोज घालत आलेला वाद त्यांनी आता सोडला होता. मुंज होऊन गेली, तरी खुर्च्या संपेनात.

"परवा दोनच राहिल्या होत्या ना?" पोळीभाजीचा डबा हातात देत एका सकाळी कुसुमताईंनी विचारलं.

"आता तीन आहेत," मेहेंदळे चपला घालत म्हणाले. "साहेबांना एक पसंत पडली नाही."

"उद्या चार होतील."

"बघू," ते म्हणाले, आणि उशीर होईल म्हणून भरभर जिना उतरले.