यादगिरीमामांची खंडेनवमी

यादगिरीमामा कुणाच्याही घरी गेले की पाण्याचा तांब्या हातात घेण्याआधी पलंगावरच्या चादरीचं टोक उलटं करून बघायचे. घरच्या बाईला वाटायचं, म्हातारा ढेकूण शोधतोय. माझ्या आईला तर रागच आला होता. "वरून सगळ्याच छान दिसतेत की," मामा तिला म्हणाले, "विणणाऱ्याची अक्कल मागनं कळती."

सोलापूरच्या पूर्व भागात चाळीस वर्षं त्यांनी चादरींची डिझाइनं काढली. ग्राफच्या कागदावर एकेक चौकोन रंगवायचा. मोर, कोयऱ्या, वेली, सगळं त्या चौकोनांतून उभं राहायचं. चादरीवर कारखान्याचं नाव असे, मामांचं कुठंच नसे. त्याचं त्यांना दुःख नव्हतं. पण कागदांना वाळवी लागली तेव्हा हा शांत माणूस हादरला आणि सात रस्त्याजवळच्या माझ्या कॉम्प्युटर क्लासमध्ये येऊन उभा राहिला. "मॅडम, माझी पोरं वाचवा," म्हणाला. त्यांना मूलबाळ नाही, हे मला नंतर कळलं.

दोन महिने बसून आम्ही मामांनी त्यासाठी घेतलेल्या जुन्या कॉम्प्युटरवर कागद स्कॅन केले. तो इतका रडका की त्यात मी लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली घातली. मग इंटरनेटवर प्रती जपून ठेवणारं क्लाउडचं अ‍ॅप बसवायला घेतलं. लिनक्ससाठी ते आयतं मिळेना. काळ्या पडद्यावर एकेक आज्ञा टाइप करायची, चूक निघाली की पुन्हा पहिल्यापासून. दोन दिवस गेले. मी वैतागले, मामा मात्र शेजारी मजेत बसलेले. "तार तुटली म्हणून मागाला शिव्या देऊन चालत न्हाय, मॅडम. गाठ मारायची, फुडं जायचं."

अखेर फोल्डरवर हिरवी खूण उमटली. "मामा, आता हा कॉम्प्युटर भंगारात गेला तरी तुमची डिझाइनं सुरक्षित," मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं. मामांनी त्याच आठवड्यात वाळवी लागलेले कागद बंबात घातले. एक गोष्ट सांगायची मी विसरले. हे अ‍ॅप दोन्हीकडं सारखंच ठेवतं. इथं पुसलं की तिथंही पुसलं जातं.

खंडेनवमीला कामाची वस्तू आतून-बाहेरून रिकामी करायची आणि मगच पूजेला ठेवायची, हा मामांचा नेम. रंगाच्या डब्या, पेट्या, खण, सगळं रितं. त्या वर्षी मेजावर कॉम्प्युटर होता. तो त्यांनी फडक्यानं पुसला, आतलं फोल्डर काढून टाकलं, पडद्यावरची कचरापेटीही रिकामी केली. ती कशी करायची ते मीच शिकवलं होतं. मग झेंडूचा हार घातला.

मला हे कळलं ते थेट तुळशीची लग्नं उरकल्यावर, तेही सहज भेटायला गेले म्हणून. मामा नव्या ग्राफवर वाकले होते. आठवेल तसं पुन्हा काढत होते.

"दसऱ्याला परत आणाया गेलो, तर तिकडं बी काय न्हवतं."

"मग मला का नाही सांगितलं?" मी जवळजवळ ओरडलेच.

"दोन दिवस धड जेवला न्हाई तुमी त्याच्यापायी. तोंडावर कसं सांगू? लई वाईट वाटलं असतं की तुमाला."

मी तिथंच खातं उघडून पाहिलं. पुसलेलं सगळं क्लाउड तीस दिवस राखून ठेवतं, एका बटणावर परत येतं. ते तीस दिवस चार-पाच दिवसांपूर्वीच संपले होते.

मामा माझ्या तोंडाकडं बघत होते. "लवकर सांगितलं असतं, तर घावलं असतं का ओ?"

"नाही मामा," मी म्हणाले. "पुसलं की गेलंच."

त्यांचे खांदे सैल पडले. "मग बरं. मला वाटालतं, माझ्या गप बसण्यानं गेलं."

चूक माझी होती. तीन शब्द, पण ते मला त्यांच्यासमोर उच्चारता आले नाहीत. त्याची लाज अजून जात नाही.

पौषात मामा गेले. नऊ डिझाइनं काढून झाली होती. मी भेटायला गेले तेव्हा मामींनी माझा हात धरून ठेवला. "तुमी येऊन गेल्यापासनं त्यांना झोप लागाया लागली, मॅडम," त्या म्हणाल्या. "तुमचे लई उपकार हायेत."