दोनदा सोडलेला पाय

उस्तादांचा कान म्हणजे कान, असं त्या भागातले सगळे गाडीवाले म्हणत. चारही चाकांना जोर देणारी गाडी मागून कण्हायला लागली की माणसं दुसरं गॅरेज शोधत नसत. मागच्या दोन चाकांच्या मधोमध जो लोखंडी गोळा असतो, त्या डिफरन्शियलच्या पोटात काय बिघडलंय ते उस्ताद न उघडता सांगत. तो गोळा उघडणं सोपं नसतं, आणि विनाकारण उघडला तर धडधाकट गाडीही आजारी पडते. म्हणून कानाला मान होता.

कान उस्तादांचा, पण पाय त्यांच्या बायकोचा. तिला सगळे वहिनी म्हणत. शेवटी शेवटी तर सासूबाईही तशीच हाक मारायला लागल्या होत्या.

पद्धत अशी होती. मागची सीट काढायची, खालची चटई उचलायची. उस्ताद उघड्या पत्र्यावर आडवे होत आणि हातोडीच्या जुन्या लाकडी दांड्याचं एक टोक पत्र्याला, दुसरं कानाला लावत. गाडी वहिनी चालवत. गॅरेजपासून पाण्याच्या टाकीपर्यंत सरळ रस्ता, टाकीपासून पुढे लांब उतार. मागून तीनच हुकूम येत. "घे" म्हणजे पेडल दाब. "धर" म्हणजे पाय आहे तिथेच ठेव. "सोड" म्हणजे उचल. गाडी ओढताना गोळा किंचाळला तर आतले दात झिजले. पाय सोडल्यावर घरघर वाढली तर पिनियनचं, म्हणजे इंजिनाचा जोर गोळ्यात आणणाऱ्या चक्राचं, बेअरिंग गेलं. फक्त वळणावर कुरकुरला तर आतली लहान चक्रं. आणि पायाने काहीही केलं तरी फरक पडत नसेल, रस्ता बदलला की आवाज बदलत असेल, तर तो टायरचा आवाज. मग गोळ्याला हातही लावायचा नाही. पाय असा लागतो की वेगाचा काटा डिंकाने चिकटवल्यासारखा राहिला पाहिजे. वहिनींचा पाय तसा होता. लग्नानंतर थोड्याच दिवसांत उस्तादांनी त्यांना गाडी शिकवली ती याच कामासाठी, बाजारात जायला गाडी मागितली तर मात्र "पेट्रोल झाडाला लागतं का?" असं ऐकावं लागे.

पत्र्यावर हातोडी आणि शेजारी कॉम्प्रेसर, असं आयुष्य काढल्यावर कानाचं जे व्हायचं ते झालं. वहिनींना ते आधी घरात कळलं. घड्याळाचा गजर वाजत राही आणि उस्ताद शेजारी पेपर वाचत बसत. फोनवर लेक बोलली की म्हणत, "हल्ली सगळे तोंडातल्या तोंडात बोलतात." जाडा आवाज त्यांना नीट कळे. बारीक, उंच आवाज तेवढे गेले होते, आणि गोळ्याच्या दुखण्याची सुरुवात नेमकी बारीक आवाजानेच होते.

वहिनींनी नवऱ्याला बोलून दाखवलं नाही. त्यांनी पायाने सांगायला सुरुवात केली. "सोड" म्हटल्यावर आवाज आला तर त्या पाय सोडत, परत दाबत आणि परत सोडत. आवाज नसला तर एकदाच. "घे" आलं तरी तसंच. मागून कधी प्रश्न आला नाही. गाडी परत आली की उस्ताद अंग झटकत उतरत आणि निदान सांगत, आणि ते बरोबर निघे. त्यांना कळतंय की नाही, याचा वहिनींनी विचार केला होता. नसावं, असं ठरवून टाकलं होतं. माणसाचा मान राखायचा तर त्याला न कळता राखावा, असा त्यांचा हिशेब होता.

घोटाळा एका गिऱ्हाइकाने केला. हा गडी हौसेने पुढच्या सीटवर बसून चक्कर मारून आला आणि गॅरेजच्या दारात सगळ्यांदेखत म्हणाला, "उस्ताद, वहिनी पाय दोनदा का सोडतात हो? कान तुमचा आहे की त्यांचा?"

धाकटा दीर गाडीखालून पाना घेऊन बाहेर येत होता, तो फिसकन हसला.

उस्तादांनी हात पुसले. "कान? अहो, एवढी वर्षं शिकवतोय, पाय अजून जाग्यावर राहत नाही बाईचा. एकदा सांगितलेलं एकदा करायचं, एवढं काय अवघड आहे?"

"वहिनी, दादाला चक्कर येत असेल मागे," दीर म्हणाला.

"बरं," वहिनी म्हणाल्या. "यापुढे एकदाच."

त्यानंतर लगेच दवाखान्याची गाडी आली. डोंगरावरच्या वस्त्यांवर सिस्टरला आणि औषधांना नेणारी, जाड नक्षीच्या टायरांची. ड्रायव्हर शांत माणूस. म्हणाला, "मागून काहीतरी येतंय. उद्या सकाळी वर जायचंय, तेवढं बघा."

सरळ रस्त्यावर काही नव्हतं, फक्त टायरांची जाडी गुणगुण. उतारावर "सोड" आलं. वहिनींनी पाय उचलला, आणि गुणगुणीच्या वर एक बारीक घरघर उठली, तापलेल्या तव्यावर वाळू ओढावी तशी. पिनियनचं बेअरिंग. शंकाच नव्हती. उजवा पाय सवयीने पेडलकडे गेला. त्यांनी तो गाडीच्या तळाला टेकवला. एकदा सांगितलेलं एकदा. उतार संपला.

गॅरेजात येऊन उस्ताद उतरले, दांडा काखोटीला मारला. "टायर बोलतायत. एवढी जाड नक्षी, गुणगुणणारच. खुशाल जा वर."

ड्रायव्हर हायसं वाटून हसला. वहिनींनी किल्ली खिळ्याला लावली. संध्याकाळपर्यंत त्यांचा राग उतरला आणि त्याच्या जागी डोंगरावरचा रस्ता आला. तिथे ते बेअरिंग अडकलं तर मागची चाकं जागीच धरली जाणार, आणि वळणाच्या बाहेर दरी.

जेवताना त्या म्हणाल्या, "अहो, दवाखान्याच्या गाडीला आवाज आहे. पाय सोडल्यावर."

"तुला आला?"

"आला."

"मग मी काय मागे झोपा काढत होतो?"

"उद्या सिस्टर बसणारे त्यात."

"गिऱ्हाइकाला एकदा सांगितलं की सांगितलं. माझा शब्द मी फिरवला तर उद्या कोण येईल दारात?" त्यांनी ताट पुढे सरकवलं. "आणि तू फिरवलास तर..." ते हात धुवायला उठले.

सकाळी ड्रायव्हर गाडी न्यायला आला. सिस्टर पुढे बसली होती, मांडीवर लसींचा डबा. ड्रायव्हरने किल्लीसाठी हात पुढे केला, तेव्हा वहिनींनी ती आधीच खिळ्यावरून काढलेली होती.

"आज नका नेऊ. मागचा गोळा उघडायला लागेल."

ड्रायव्हरने उस्तादांकडे पाहिलं. "उस्ताद, वहिनी काय म्हणतायत?"

"तिला काय कळतंय? किल्ली दे."

"हवं तर उघडू नका. तेल तरी काढून बघा," वहिनी म्हणाल्या. किल्ली मुठीत होती आणि मूठ पाठीमागे.

सिस्टरच गाडीतून उतरली. "बघा ना तेल. मला काय, तासभर उशीर चालेल. दरीत एकदाच जाता येतं."

दीर गाडीखाली शिरला. तेल भांड्यात पडलं ते चंदेरी होतं, चमकी मिसळल्यासारखं. खालच्या बोल्टच्या चुंबकाला लोखंडाच्या पापुद्र्यांची दाढी आली होती. दुपारी गोळा उघडला. बेअरिंगचे दाणे ओरबाडलेले होते, एक फुटलेला.

ड्रायव्हरने तो दाणा तळहातावर घेतला आणि बोटाने फिरवून पाहिला.

उस्ताद बोलले. "कालच शंका होती मला. हिला म्हटलं होतं, सकाळी आठवण कर, तेल बघायचंय. आठवण करायला सांगितली तर बाईसाहेबांनी भाषणच ठोकलं."

सगळे हसले. दीर सर्वांत मोठ्याने. ड्रायव्हर हसला नाही. वहिनींनी पापुद्रे फडक्यात पुसून घेतले आणि फडकं कचऱ्यात टाकलं. तिथेच, सगळ्यांसमोर, एक वाक्य बोलता आलं असतं. सिस्टर वाचली होती. त्या वाक्याने आता फक्त नवरा मेला असता.

रात्री उस्तादांनी चपला काढता काढता सांगितलं, "उद्यापासून धाकटा चालवेल. तू घरी बस."

"का?"

"का म्हणजे? एवढी वर्षं दोनदा सोडत होतीस ना? मग तसंच करायचं. कळत होतं मला. तोंड कशाला उघडलंस?"

वहिनी भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. कळत होतं. म्हणजे दरवेळी उतारावर तो माणूस मागे पडून आपल्या पायाची वाट बघत होता, आणि दारात उतरून आपल्याच पायाला नावं ठेवत होता.

"मग एकदाच सोड का म्हणालात? चारचौघांत?"

"चारचौघांत दुसरं काय म्हणणार होतो?" उस्ताद म्हणाले. त्यांना खरोखर उत्तर हवं होतं, असं वाटलं.

आता दीर गाडी चालवतो. त्याचा पाय जड आहे. काटा नाचतो, आणि तो आपलं काही दोनदा करत नाही. उस्ताद दांडा लावून मागे पडतात. वहिनी दुपारी डबा घेऊन जातात, दोघांची जेवणं होईपर्यंत बाकावर बसतात आणि रिकामा डबा घेऊन परततात.

परवा दवाखान्याचा ड्रायव्हर तिथेच होता, टायरात हवा भरायला आलेला. एका भाजीवाल्याची गाडी चाचणीवरून परत आली. फाटकात शिरताना दिराने पेडल दाबलं आणि मागून बारीक किंकाळी आली. दात झिजायला लागले होते. जीव घेणारं दुखणं नव्हतं. पण आज लक्ष दिलं तर भागेल आणि दोन महिन्यांनी अख्खा संच बदलावा लागेल, असं होतं.

"काही नाही," उस्ताद उतरत म्हणाले. "टायर."

भाजीवाल्याने समाधानाने मान हलवली. ड्रायव्हर बाकाशी आला आणि हळूच म्हणाला, "वहिनी, तुम्हाला काय वाटतं?"

वहिनी डब्याचे कप्पे एकावर एक रचत होत्या. "उस्तादांना विचारा. कान त्यांचा आहे."

भाजीवाला गाडी घेऊन निघाला. फाटकाबाहेर पडून त्याने वेग घेतला तसा तो आवाज पुन्हा आला, टाकीच्या वळणापर्यंत ऐकू येत राहिला. वहिनींनी डब्याची कडी लावली आणि चपला शोधल्या.