चाळीतला वारा

आमच्या नाशिकच्या स्टुडिओत साहेबांनी नवं एआय टूल आणलं, त्या दिवशी मला डबा गोड लागेना. मी कॉम्प्युटरवर थ्रीडी मॉडेलं करते. घरं, यंत्रं, भांडीकुंडी. साहेब म्हणाले, "शेतकऱ्यांच्या फिल्ममधली कांदाचाळ यावर करून बघ. जमलं तर एवढी माणसं कशाला लागतील?" म्हणजे माझी खुर्ची मीच काढायची.

मी रागारागानं 'कांद्याची चाळ' एवढंच लिहून दिलं. दोन मिनिटांत तीन मजली चाळ हजर. गॅलऱ्या, दोरीवर वाळत घातलेले कपडे आणि अंगणात कांद्याचा ढीग. बिऱ्हाडकरू तेवढे यायचे राहिले होते. मी पोटभर हसले. खरं सांगायचं तर त्या हसण्यात सूड होता.

रविवारी नामपूरला घरी गेले, आमच्या कांदे साठवायच्या चाळीचे चहूबाजूंनी फोटो काढले आणि टूलला दिले. माझ्या वडिलांचा, आबांचा, चहा संपेपर्यंत चाळ उभी. बांबूच्या पट्ट्या, वर पत्रा, आत कांदे, आणि एकासारखा दुसरा नाही. तेवढे कांदे करायला मला आठवडा लागला असता. आता हसू येईना. त्यांच्यापुढे लॅपटॉप ठेवत मी म्हणाले, "आबा, संपलं माझं काम."

आबांनी चष्मा लावला. बराच वेळ बघून विचारलं, "बेटा, वारा कथाईन यी?"

मी चित्र मोठं केलं. वारा येणार कुठून? पट्ट्यांमधल्या फटी फटी नव्हत्याच. नुसत्या काळ्या रेघा ओढल्या होत्या. त्या चाळीत कांदा सडलाच असता.

मग मी एकेक फट हातानं उघडली. कांदे मात्र टूलचेच ठेवले; चांगल्याला चांगलं म्हणायला काय जातं? वाचलेल्या दिवसांत मी चाळीत वारा खेळवला. इतकी वर्षं अशा कामाला कधी सवडच मिळाली नव्हती. साहेबांनी फिल्म दोनदा पाहिली आणि पुढचं गोठ्याचं कामही मलाच दिलं, टूलसकट. माणसं कमी करायचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

पुढच्या रविवारी आबांना फिल्म दाखवली. फटींतून वारा येत होता, कांद्याची टरफलं हलत होती.

"आते कांदा टिकी," आबा म्हणाले. लॅपटॉप माझ्याकडे सरकवत हळूच पुढे म्हणाले, "आनि तू बी."