मीठ-मोहरी आणि समुद्र

आज फोडणीत मोहरी करपली आणि छताला लावलेला धुराचा अलार्म किंचाळायला लागला. खुर्चीवर चढून तो बंद करणं आता जमत नाही, म्हणून खिडकी उघडली आणि बसून राहिलो. बाहेर हॅम्बर्गचा नेहमीचा भुरभुर पाऊस. तो जळका, कडवट वास नाकात बसला आणि बेटावरची आमची भाड्याची खोली आठवली.

उत्तरेच्या समुद्रातलं ते बेट. कुत्र्यांना मोकळं सोडता येतं असा किनारा तिथं आहे, हुंडेस्ट्रांड म्हणतात. दर उन्हाळ्यात बायको कुत्र्याला घेऊन निघायची आणि मी मागून पिशव्या घेऊन. गोदीत वेल्डिंग करून हाडं झिजवलेला माणूस मी, शाळा चौथीत सुटलेली. कुत्र्याला हवापालट म्हणजे मला थेर वाटायचे. कुत्रं मात्र असं उधळायचं, की ओहोटीनं उघडी पडलेली ती चकचकीत ओली जमीन त्याच्या पावलांनी भरून जायची. जाणाऱ्या-येणाऱ्या बायका थांबून कौतुक करायच्या. हिला त्याचाच धसका. खोलीवर आलं की मूठभर मीठ-मोहरी त्याच्यावरून उतरवून तापल्या तव्यावर टाकायची. अलार्म बोंबलायचा, घरमालकीण धावत यायची, आणि ही शांतपणे सांगायची, "कोखन, कोखन." स्वयंपाक चाललाय म्हणे. मग दार लावून माझ्याकडे वळायची.

"अहो, उभे राहा. तुमचीही काढते."

माझ्या या थोबाडाला कोण दृष्ट लावतंय, असं मी म्हणायचो.

"मी बघते ना रोज."

गेल्या हिवाळ्यात ती गेली. कुत्र्यानं हळूहळू अन्न टाकलं. डॉक्टर म्हणाला, दुखणं काही नाही, वय झालंय. हाल करण्यापेक्षा इंजेक्शन देऊ. सोमवार ठरला. म्युनिकहून मुलीचा फोन आला. "बाबा, त्याला एकदा समुद्र तरी दाखवा," म्हणाली आणि रडायला लागली. मला रडता येत नाही. मी तिकीट काढलं.

किनाऱ्यावर पट्टा सोडला, तरी ते हललं नाही. माझ्या बुटाला टेकून पाण्याकडे बघत राहिलं. एक म्हातारी थांबली, किती देखणं कुत्रं म्हणाली, आणि माझा हात खिशात गेला. खिशात ना मीठ, ना मोहरी. समोर समुद्र होता, सगळा मिठाचाच. गुडघे धरून वाकलो, मूठभर ओली वाळू घेतली आणि डोक्यापासून शेपटीपर्यंत तीनदा उतरवली. बायको दृष्ट काढताना म्हणायची ते शब्द पुरते आठवेनात. आल्यागेल्याची, घरच्यादारच्याची, एवढं म्हणालो आणि अडलो.

"खा रे आता," म्हणालो. "मलाही एकट्याला घास उतरत नाही."

वाळू लाटेत फेकली.

परतीच्या बोटीवर त्यानं माझ्या पावातला मासा खाल्ला. अर्धाच. सोमवारी डॉक्टरला फोन करून नको म्हणून सांगितलं. वाळूनं गुण आला असं मी म्हणत नाही. खाऱ्या वाऱ्यानं भूक लागत असेल. ते बरं झालंय असंही नाही. दोघंही दिवस ढकलतोय.

आता अलार्म थांबलाय. कुत्रं टेबलाखालून मान वर करून शेगडीकडे बघतंय. त्याला वाटतंय, मोहरीचा वास आला म्हणजे ती आली. त्याची दृष्ट काढीन मी. माझी राहिली तरी चालेल. रोज बघणारं माणूसच गेलं, आता लागणार कुणाची.