काळ्या पेनाला गरम पाणी

मुलुंडचा चेकनाका आला आणि आमच्या नाशिकच्या एस.टी.तल्या अर्ध्या पुरुषांनी खिशातून कंगवे काढले. मुंबई आली म्हणून भांग पाडणारी ही जमात मला कधीच कळलेली नाही. बाहेर ट्रकांची ही लांब रांग, जकातीच्या खिडकीपाशी भांडणं, आणि ‘स्वच्छता राखा’ असं रंगवलेल्या भिंतीपाशी काय चाललं होतं ते इथे लिहिण्यासारखं नाही. या गावाला लोक स्वप्ननगरी म्हणतात. म्हणोत बापडे.

मी काही स्वप्नं बघायला आले नव्हते. माझ्या पर्समध्ये जुन्या लुगड्याच्या चिंधीत गुंडाळलेलं एक शाईचं पेन होतं. ते बोरिवलीच्या मेस्त्रीकाकांचं होतं आणि मी त्याची पार वाट लावून ठेवली होती. ते त्यांना तोंडानं सांगायचं, की त्याआधी कुठूनतरी दुरुस्त करून आणून गप्प बसायचं, हे ठरवायला माझ्याकडे दोन दिवसांची रजा होती.

वाचकांना थोडं मागचं सांगायला हवं. मी शाळेत भूगोल शिकवते आणि शाईची पेनं जमवते. नवी, जुनी, दोन्ही. पेनं जमवणारी माणसं बहुतेक पुरुष असतात आणि बहुतेक चक्रम असतात. मेस्त्रीकाका त्यातले बरे. आम्ही अकरा वर्षं एकमेकांना पत्रं लिहितोय, भेट मात्र एकदाही नाही. आमचा एक रिवाज आहे. दर दिवाळीला आपल्यातलं एक पेन दुसऱ्याला पाठवायचं. त्यानं वर्षभर त्याच पेनानं आपल्याला पत्रं लिहायची, म्हणजे आपलं पेन दुसऱ्याच्या हातात कसं चालतं ते घरबसल्या दिसतं. वर्ष संपलं की पेन धुऊन, कोरडं करून परत.

गेल्या दिवाळीला काकांनी पहिल्यांदाच त्यांचं काळं पेन पाठवलं. गिरणीत लागायच्या आधी, विशीत, ते गिरगावात एका पेनांच्या कारखान्यात कातारी (लेथवर पेनं कातणारा कारागीर) होते. एबोनाइटचा (कडक केलेल्या रबराचा) दांडा घेऊन त्यांनी हे पेन स्वतः कातलं, अंगावर बारीक आडव्या रेघा कोरल्या, आणि घासून घासून काळं कुळकुळीत केलं. त्यांनी केलेली बाकीची पेनं कुणाकुणाच्या खिशात गेली. हे एवढंच उरलं. सोबत चिठ्ठी होती: ‘धुताना पाणी कोमट चालेल, गरम नको.’

काका दर पेनाबरोबर अशा सूचना पाठवतात. टोपण कसं फिरवायचं, शाई किती भरायची. मी चाळिशी ओलांडलेली बाई, मला पेन धुवायला शिकवणार हे. त्यात शाई आत वाळून घट्ट बसली होती. मी सरळ बंबातलं पाणी तांब्यात काढलं, पेन त्यात सोडलं आणि वह्या तपासायला बसले. वह्या संपल्या तेव्हा पेन शेणानं सारवलेल्या जमिनीच्या रंगाचं झालं होतं. पुसलं, तेल लावलं, रडलेसुद्धा. रंग काही परत आला नाही. असलं पेन पोस्टानं पाठवायची माझी हिंमत झाली नाही.

मुलुंडला मावसबहिणीकडे पिशवी टाकली. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “पेनासाठी रजा काढलीस? डोकं फिरलंय का गं तुझं?” मुंबईच्या माणसाला स्वतःचं सोडून दुसऱ्याचं कुठलंच काम महत्त्वाचं वाटत नाही. तिचा चहाही पाणचट होता.

आग्रा रोडवरून बसनं घाटकोपरला गेले. वाटेत विक्रोळीच्या कारखान्यांच्या भिंती संपता संपत नाहीत, आणि भिंतीपलीकडे जे काही बनतं त्याचा वास बसमध्ये फुकट मिळतो. घाटकोपरला स्टेशनाजवळच्या गल्लीत तावडे नावाचे पेनदुरुस्तीवाले बसतात, असं कळलं होतं. दुकान म्हणजे जिन्याखालची खोबण. एका बाजूला निबांचे डबे, दुसऱ्या बाजूला लायटर आणि घड्याळाचे पट्टे. मी पेन पुढे केलं. तावड्यांनी ते अंगठ्यानं जोरात घासलं, नाकाशी नेलं आणि परत ठेवलं.

“गरम पाण्यात टाकलं ना?”

“हो.”

“मग वाट लागली. तेल-बिल लावू नका आता. रबरातला गंधक वर आलाय.”

“काही उपाय?”

“आहे ना. लेथवर धरतो, वरचा थर घासून काढतो. आतनं परत काळं निघेल, एकदम झकास. पण या रेघा जाणार. हाताच्या रेघा आहेत या.”

काळा रंग पाहिजे की रेघा, एवढाच प्रश्न होता. म्हणजे माझी चूक लपवायची तर काकांनी विशीत केलेलं काम पुसून टाकायचं. तावडे मशीनवर हात ठेवून वाट बघत होते. मी नको म्हणाले. त्यांनी खांदे उडवले आणि पुढच्या गिऱ्हाइकाच्या घड्याळाला पट्टा लावायला घेतला.

तिथून साकीनाक्याच्या रस्त्यानं अंधेरी. हा रस्ता कुणी आखला असेल त्याला माझ्या वर्गात नकाशाचा एकही गुण मिळाला नसता. बस एका जागी इतका वेळ उभी राहिली की शेजारच्या बाईनं आख्खी मेथीची जुडी निवडली. मला शेंगदाण्याची पुडी घ्यावी लागली. त्यात निम्मे खवट होते.

अंधेरीला एक बडे संग्राहक राहतात. नाव देत नाही, त्यांना नावाची हौस फार आहे. त्यांच्याकडे काकांच्याच कारखान्यातलं एक काळं पेन आहे असं ऐकलं होतं, आणि माझ्या मनात काय होतं ते आता लाज सोडून सांगते. ते मिळालं तर काकांच्या हातात तेच ठेवायचं.

या गृहस्थांची पेनं काचेच्या कपाटात निजलेली होती, प्रत्येकाखाली मखमल, आत दिवा. एकाही पेनात जन्मात शाई गेलेली नव्हती.

“यातलं लिहायला कुठलं वापरता?” मी विचारलं.

“लिहायला?” ते हसले. “मॅडम, लिहिलं की त्याची व्हॅल्यू गेली.”

म्हणजे बायको करून आणायची आणि बोलायचं नाही. मी हे तोंडावर बोलले नाही याचं मला अजून वाईट वाटतं. त्यांनी काळं पेन माझ्या हातात दिलं, तेही रुमालावर. रंग तसाच होता, घाटही तोच. मी डोळे मिटून त्यावरून बोट फिरवलं. रेघा अगदी एकसारख्या, मशीननं मारलेल्या, बोटाला कुठे अडत नव्हत्या. काकांच्या पेनावर टोपणाजवळ तीन रेघा जरा तिरक्या गेल्यात. वर्षभरात माझ्या बोटाला त्या पाठ झाल्या होत्या, मग ज्यानं कोरल्या त्याच्या बोटाला कशा होणार नाहीत? मी पेन रुमालावर परत ठेवलं आणि चहा न घेता निघाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोरिवली. पूर्वेला नव्या इमारती उगवताहेत, सगळ्यांना ‘व्ह्यू’ आहे म्हणे, समोरच्या इमारतीच्या संडासाच्या खिडक्यांचा. काकांची चाळ त्यांच्यामागे दडलेली होती. दार काकूंनी उघडलं, मी कोण ते सांगितलं. आतून आवाज आला, “कोण गो?”

“नाशिकच्या बाई इल्यात,” काकू म्हणाल्या, आणि मला खुर्ची दिली.

काका आतून आले ते भिंतीला हात लावत. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन फसलं होतं, दुसऱ्याला ते कुणाला हात लावू देत नव्हते. पत्रात याबद्दल एक अक्षर नव्हतं. वर्षभर त्यांचं अक्षर मोठं मोठं होत चाललं होतं आणि मी, मोठी शहाणी, त्यांना लिहून बसले होते की कागद काय फुकट मिळतो का तुम्हाला.

काकूंनी घावणे (तांदळाच्या पिठाची पातळ, जाळीदार धिरडी) आणि गूळ घातलेला नारळाचा रस पुढे ठेवला. या सबंध प्रवासात मी नाक मुरडलं नाही असं हे एकच खाणं.

“पेन आणलंत ना?” काकांनी हात पुढे केला.

मी चिंधी सोडून पेन त्यांच्या तळहातावर ठेवलं. त्यांनी ते उजेडाकडे धरलं. काका हसले.

“बघा. पन्नास वर्षं होत आली. काळं ते काळं. आमच्या कारखान्यात असा काळा कुणाला जमत नव्हता, मालक स्वतः बघायला यायचा.” अंगठा त्या तीन तिरक्या रेघांवर फिरत होता. “इथे लेथचा पट्टा सुटला होता माझा. तसंच ठेवलं.”

त्यांना दिसत नव्हतं. मला एवढंच करायचं होतं की घावणा खायचा आणि गप्प बसायचं. काकू मात्र काकांच्या मागे उभ्या होत्या, त्यांना लख्ख दिसत होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली, अगदी थोडी. नको म्हणून. मी ते पाहिलं. पण दोन दिवस छातीवर धोंडा घेऊन फिरत होते, आणि मला तो उतरवायचा होता.

“काका, पेन काळं नाही राहिलं,” मी म्हणाले. “मी गरम पाण्यात टाकलं. तुम्ही नको लिहिलं होतंत तरी टाकलं. ते तपकिरी झालंय सगळं. माझं चुकलं.”

अंगठा थांबला. काकांनी पेन परत उजेडाकडे नेलं, डोळ्याच्या अगदी जवळ, मग लांब.

“बघ गो,” ते काकूंना म्हणाले. “खरा काय ता सांग.”

“काळाच आसा,” काकू म्हणाल्या. “बाईंका उन्हातसून इल्यार तसा दिसता.”

चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या संसारात बायको खोटं कधी बोलते हे माणसाला कळतं. काकांनी पेन अंगठ्यानं जोरात घासलं आणि नाकाशी नेलं, तावड्यांनी नेलं होतं तसं. मग चिंधी मागून घेतली, पेन त्यात गुंडाळलं आणि माझ्याकडे तोंड करून, आवाज न चढवता म्हणाले,

“मला काळंच दिसत होतं, बाई. कशाला सांगितलंत?”

खरं बोलावं, असं मी पंचवीस वर्षं पोरांना फळ्यावर लिहून देतेय. काकूंनी माझी ताटली उचलली. त्यात अख्खा घावणा तसाच होता.

परतीच्या एस.टी.त माझ्याकडे कुणाची टर उडवायला काही शिल्लक नव्हतं. अंधेरीच्या त्या गृहस्थाला मी दोन दिवस हसले, पण त्यानं निदान कुणाचं पेन बिघडवलं नव्हतं. मी एकच पेन दोनदा बिघडवलं, पहिल्यांदा पाण्यानं आणि दुसऱ्यांदा तोंडानं. माझं मन हलकं झालं हे खरं आहे. त्या हलकेपणाची मला कसाऱ्याच्या घाटापर्यंत किळस येत होती.

महिनाभरानं काकांचं पत्र आलं. तुम्ही सुखरूप पोचलात का, काकूंनी तुम्हाला आठवणीनं विचारलंय, या वर्षी आमच्याकडून पेन पाठवायचं राहून जाईल, राग नसावा. सगळं जिथल्या तिथे, नेहमीसारखं. फक्त अकरा वर्षांत पहिल्यांदाच, पत्र बॉलपेननं लिहिलेलं होतं.